उघडा डबा

करुणाच्या डब्याचं झाकण मुळीच घट्ट नव्हतं. मधल्या सुट्टीत त्याच्याशी झटापटीचं सोंग करत ती मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना उरकायची. आधीच्या शाळेत ती ख्रिस्ती असल्याचं कळल्यावर बाकीच्या शिक्षिका तिच्या भाजीला हात लावेनाशा झाल्या होत्या.

आज या नव्या शाळेतल्या देशमानेबाईंनी मायेने तिचा डबा आधीच उघडून ठेवला. "रोज किती झटापट करतेस गं त्या झाकणाशी! खा आता."

सगळ्या बघत होत्या. करुणाने हात जोडले, डोळे मिटले.

"जेवणाआधी प्रार्थना करते मी," ती पुटपुटली.

"मग एकटीच कशाला? आमचेही डबे आहेत की," देशमानेबाई म्हणाल्या. "माझ्या कारल्याला तर फारच गरज आहे!"

करुणाचे मिटलेले डोळे भरून आले.

"प्रभू येशू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमच्या अन्नाला आशीर्वाद दे. कारल्यालाही."