निरोगी नमुना

संयुक्त महाराष्ट्राच्या बैठका परळच्या चाळीत भरत, तेव्हा गिरणीतला दौलत खोकला की जगदीश सगळ्यांदेखत म्हणे, "तू बाहेर बस. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात." जगदीश इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला, म्हणून त्याचा शब्द खरा मानून दौलत उठून जाई.

शेवटी जगदीशने त्याची थुंकी तपासायला नेली आणि निरोगी नमुना म्हणून शेजारी स्वतःची ठेवली. काचेवरच्या थुंकीला खास रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली, निळ्या प्रकाशात क्षयाचे जंतू पिवळे चमकतात. दौलतची काच काळीच राहिली. जगदीशची चमकली.

संध्याकाळी तो दौलतच्या दारात गेला. मान वर होईना.

"काय निघालं?"

"तुला क्षय नाही. कापसाच्या धुळीचा खोकला असेल."

दौलतने आनंदाने त्याला मिठी मारली. जगदीश तोंड फिरवून, श्वास रोखून उभा राहिला.