चौक थांबला तेव्हा

“आता बुलडोझर आणावा लागेल,” बचाव पथकाचा प्रमुख कानांवरचं यंत्र उतरवत म्हणाला. “खाली कुणी जिवंत असेल तर यात कळतं. पण वरच्या गोंगाटात काही म्हणता काही ऐकू येत नाही. आणि शेजारची भिंतही कलायला लागलीय.”

दुमजली इमारत सकाळी कोसळली होती. बाकीचे वेळेत बाहेर पडले. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचा पत्ता नव्हता. त्यांची मुलगी विटांवर बसून होती. बुलडोझर म्हटल्यावर ती उठून उभी राहिली.

गर्दीत नगरपालिकेची आवाज नियंत्रण अधिकारी होती. सगळा चौक तिला ‘शांतताबाई’ म्हणायचा, आणि तोंड फिरवून हसायचा. तिच्या नोटिसा पालथ्या घड्यावर पाणी. शहर वाढत होतं, त्याच्या आड कोण येणार? आत्ताही समोर टॉवरचा पाया ठोकला जात होता, दुकानांचे जनरेटर धडधडत होते, अडकलेल्या गाड्या हॉर्नवर हॉर्न मारत होत्या.

“थोडा वेळ द्या,” ती प्रमुखाला म्हणाली आणि निघाली.

टॉवरच्या ठेकेदाराशी तिचा कायमचा छत्तीसचा आकडा. तिला येताना पाहून त्याने कपाळाला हात लावला. पण आज तिने दंडाचं नावही काढलं नाही. “समोर खाली माणूस आहे,” ती म्हणाली. “आम्हाला ऐकायचंय.”

ठेकेदार स्वतः धावत गेला आणि मशीन बंद करून आला. जनरेटर एकेक करत थांबले. बसच्या ड्रायव्हरने चावी फिरवली आणि उतरून मागच्याच्या काचेवर टकटक केली. त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. निरोप जिथवर पोचला तिथवर इंजिनं विझत गेली.

आणि चौक थांबला.

तिथेच लहानाचे मोठे झालेल्यांनीही तो असा कधी ऐकला नव्हता. कबुतरांच्या पंखांची फडफड ऐकू येत होती. कुणाची तरी पिशवी सळसळली तर सगळ्या माना वळल्या. एवढी माणसं, आणि सगळी श्वास धरून. शांतताबाईच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर ज्या शांततेसाठी भांडली ती अशी असते, हे तिलाही माहीत नव्हतं.

प्रमुखाने यंत्र उचललं. त्याची गरज पडली नाही. ढिगाऱ्याच्या डाव्या टोकाखालून एका बाईचा बसका, घोगरा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला.

पथकाने हातांनीच विटा उपसल्या. तोवर रस्त्यावर एकानेही गाडी सुरू केली नाही.

शिंपीणबाई बाहेर आल्या तेव्हा पांढऱ्याफटक दिसत होत्या, पापण्यांवरसुद्धा चुना होता. मुलीने त्यांचा हात घट्ट धरला.

“आई, आधी हाक का नाही गं मारलीस?”

“सकाळपासून मारतेच आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आत्ता गप्प झालात.”