लाल चौकोन

फ्रिजवर चिकटवलेल्या आलेखाच्या कागदावर तिने आठवड्यातला शेवटचा चौकोन रंगवला. प्रत्येक तासाला एक चौकोन: प्रबंधाला हिरवा, कॉलेज आणि घरकामाला निळा, वाया गेलेल्या वेळेला लाल. प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता आणि हिरवा रंग फारच कमी दिसत होता. लाल मात्र रोज संध्याकाळी ठरल्या जागी होता. त्या वेळी ती सासऱ्यांबरोबर गप्पा मारत भाजी निवडायची.

सोमवारी ती कॉलेजमधून आली, तेव्हा ओट्यावर मेथी निवडून ठेवलेली होती. अप्पा आपल्या खोलीत, रेडिओही न लावता बसले होते.

"अप्पा, एकट्यानं निवडलीत?"

"तू लिहायला बस, वैजू. मोतीबिंदू असला तरी लाल रंग दिसतो मला."

तिने मेथी पाहिली. पानांत गवत राहिलं होतं आणि टाकायच्या देठांत चांगली पानं. मग सगळी मेथी तिने पुन्हा वर्तमानपत्रावर ओतली आणि अप्पांना बाहेर बोलावलं.

"मोजलं बरोबर होतं अप्पा, रंग चुकीचा दिला. जेवणानंतर फोन बघत बसते, ते मी घरकामात धरलं होतं."

"लबाड आहेस! आणि माझा रंग कुठला?"

"ते नंतर ठरवू. कालच्या गोष्टीत तुमची बस घाटात बंद पडली होती. पुढे काय झालं?"

अप्पांनी चष्मा लावला आणि थोडी मेथी आपल्याकडे ओढली.