शिक्का नसलेलं पुस्तक

दुपारी बारापर्यंत शाळेच्या मैदानात ‘मांगा’ नावाच्या जपानी चित्रकथांच्या पुस्तकांचा ढीग कमरेएवढा झाला. मुलं वर्गवार रांगेत उभी होती आणि त्यांच्या आया ॲप्रन बांधून ढिगाभोवती. या असल्या चित्रांच्या गोष्टींनीच पोरं वाया जातात, असं त्या हिवाळ्यात टोकियोतल्या शहाण्या माणसांचं ठरलं होतं. शहाण्यांचं एकदा ठरलं की आग लागायला कितीसा वेळ!

प्रत्येक घरातून निदान एक पुस्तक आलंच पाहिजे, असा माता मंडळाचा फतवा होता. हात्सुएच्या घरी नवऱ्याने काढलेल्या चित्रकथांखेरीज दुसरं पुस्तकच नव्हतं. नवरा, शिगेनोरी, दुसऱ्याच नावाने मांगा काढतो, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीच्या लेखी तो कारकून. रिकाम्या हाताने गेलं तर डोळ्यावर येऊ, म्हणून तिने सकाळी घाईघाईत छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उचललं. "ने, ने," मान वर न करता तो म्हणाला होता, "तेवढीच बायकांना शेकोटी."

आता ते पुस्तक मंडळाच्या अध्यक्षा इवाकिरीबाईंच्या हातात होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"काय हो, यावर दुकानाचा शिक्का कसा नाही?"

असली पुस्तकं कुणी विकत घेत नसे. ती दुकानातून भाड्याने आणायची; पार झिजली की दुकानदार पोरांना स्वस्तात देऊन टाकायचा. ढिगातल्या प्रत्येक पुस्तकावर कुठल्या ना कुठल्या दुकानाचा शिक्का आणि शंभर हातांचा मळ होता. हे एकच कोरं करकरीत.

"विकत घेतलं," हात्सुए म्हणाली. "पोरीने हट्टच धरला."

"लाडाची दिसतेय लेक! कुठून घेतलंत?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"तिसरा भाग," इवाकिरीबाईंनी मुखपृष्ठावरचं वाचलं. "आमचा धाकटा रोज त्या दुकानदाराचं डोकं खातो, तिसरा भाग आला का म्हणून. कालही म्हणाला, अजून आलाच नाही."

"छापलेली पहिली प्रत म्हणे चित्रं काढणाऱ्याच्याच घरी जाते," मागून एक बाई हळूच म्हणाली.

हात्सुएला रांगेतली आपली मुलगी दिसली. पळ, घरी जा, बाबांना सांग, असं ओरडावंसं तिला वाटलं, पण सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या. युद्धात बॉम्ब पडत होते तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती. तेव्हा शेजारी तरी आपल्या बाजूचे होते.

इवाकिरीबाई हसल्या, अगदी मायेने. पुस्तक ढिगावर न टाकता त्यांनी ते आपल्या ॲप्रनच्या खिशात घातलं.

"पेटवू का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"थोडं थांबा, गुरुजी. अजून यायची आहेत." मग त्या हात्सुएकडे वळल्या. बाकीच्या बायका बाह्या सावरत त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "चला. घरची बाकीची पुस्तकं एकटीला कुठे उचलवणार तुम्हाला? आम्ही सगळ्याच येतो. तुम्ही पुढे व्हा."