बेलची दुरुस्ती

पिपलानीच्या बागेत फिरून झाल्यावर तिघी मैत्रिणी नेहमीच्या बाकावर टेकल्या. रत्नप्रभाच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग रखडलं होतं, मंजूषाच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स बदलायच्या होत्या, आणि दोघींचा मिस्त्री एकच. तो रोज "कल पक्का" म्हणायचा.

"मी दाराची बेल दुरुस्त करून घेतली," विनिता म्हणाली.

"अगं, वर्षभर बंदच होती ना ती?" रत्नप्रभा हसली. "आत्ताच काय अडलं?"

"कुणी येतच नाही, की येऊन परत जातात, ते कळत नव्हतं."

"मग? काय कळलं?"

"पंधरा दिवस झाले. बेल चांगली आहे. इलेक्ट्रिशियनने वाजवून दाखवली होती."

रत्नप्रभा उगाच पाण्याची बाटली उघडून बसली. मंजूषा विनितापासून दोनच गल्ल्या सोडून राहायची, पण विनिताच्या नवऱ्याच्या तेराव्यानंतर ती त्या घरी गेलीच नव्हती. तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

"चल, आत्ताच येते तुझ्याकडे. चहा कर," ती उठत म्हणाली.

विनिताने नकारार्थी मान हलवली.

"आज माझ्याबरोबर नको. उद्या ये. बेल वाजवून ये."