झीज

ऑनलाइन घेतलेल्या जुन्या वस्तू खऱ्या की नकली, हे लेक लोकांना पारखून देत असे. त्या दिवशी तिने एक जाळीदार, चपटा चमचा बापापुढे ठेवला. "अ‍ॅबसिंथ नावाच्या दारूचा आहे, बाबा. पेल्यावर आडवा ठेवायचा आणि वर साखरेचा खडा. विकणारा म्हणतो, शंभर वर्षांचा आहे. तुमचा जन्म धातू घडवण्यात गेला, तुम्हीच सांगा."

तो चमचा बापानेच घडवला होता, एका व्यापाऱ्यासाठी, ती बालवाडीत जात होती तेव्हा.

"भोकं ठशाने पाडलेली आहेत, ओतीव नाहीत," ती भिंगातून बघत म्हणाली. "पेल्याच्या काठावर टेकतो तिथे झीजही आहे."

ती झीज आणायला त्याने दोन दुपारी चमचा काचेवर घासला होता. खरं बोलावं तर लेकीच्या नजरेतून उतरणार, खोटं बोलावं तर त्या खोट्याखाली तिची सही जाणार.

"अस्सल आहे," तो कसाबसा म्हणाला.

लेकीने भिंग खाली ठेवलं. मग चमचा कापडात गुंडाळत म्हणाली, "नकली आहे असं मी कालच कळवलंय, बाबा. झिजेचे ओरखडे सगळे एकाच दिशेने तिरके आहेत, म्हणजे मुद्दाम घासलेले. घासणारा तुमच्यासारखाच डावखुरा होता, तेवढं मात्र लिहिलं नाही."