वर्नाला आवडलेलं

वर्ना मॅकेरो बोलायला उभी राहिली आणि ग्लेनिस हॅरपच्या हातातला चीज रोल हातातच राहिला.

ग्रंथालयातल्या शुक्रवारच्या चहाला एकच नियम होता. महिन्याला एकाने उठायचं, अलीकडे काय वाचलं, काय पाहिलं ते सांगायचं, आणि आवडलेलं तेवढंच सांगायचं. नावडलेल्याचं नाव काढायचं नाही. गाव एवढंसं, आज ज्याला नावं ठेवावीत तो उद्या मासळीच्या दुकानात आपल्याच मागे उभा असायचा. त्यामुळे इथे निंदा कुणी करत नसे. नुसतं गप्प बसत, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांना बरोबर कळे.

ग्लेनिसची कादंबरी येऊन अख्खा उन्हाळा उलटला होता. गावाने ती कौतुकाने विकत घेतली. वर्नाला तर ग्लेनिसने स्वतः नेऊन दिली. जिवाभावाच्या मैत्रिणीलाच दिली नसती तर लोकांच्या भुवया वर गेल्या असत्या. तेव्हापासून आजपर्यंत वर्नाने त्या पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

त्याचे दोनच अर्थ निघत होते. एक, पुस्तक आवडलं नाही. तो ग्लेनिसने हसत पत्करला असता. दुसरा अर्थ मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. ईवन, वर्नाचा नवरा. पुस्तकातला प्रियकर तोच होता. एका हिवाळ्यापुरतं होतं ते, आणि मिटूनही वर्षं झाली होती. लिहिल्यावाचून तिला राहवलं नाही, पण लिहिताना तिने फार जपलं होतं. मासेमाराचा शाळामास्तर केला, टकलावर दाट केस चढवले, गाव उचलून दूर डनीडन शहरात नेलं. ईवनची तिला भीती नव्हती. भरती-ओहोटीच्या वेळांपलीकडे त्याने कधी काही वाचलं नव्हतं.

"आधी ती पोलिसांची मालिका," वर्ना म्हणाली. "बर्फातली. सगळे छान छान स्वेटर घालून खून करतात. मला खुनी दुसऱ्याच भागात कळला. ईवन म्हणाला, कसा काय कळला गं? म्हटलं, अरे, जो मदतीला सगळ्यात आधी धावतो, तोच."

सगळे हसले. वर्नाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर जेवण कुणी पोचवलं होतं, ते ग्लेनिसला आठवलं.

"मग एक सिनेमा पाहिला, फ्रेंच. एक बाई सबंध सिनेमाभर नवऱ्याला काही म्हणजे काही विचारत नाही. माझी बहीण पेंगली. मला मात्र उठवेना."

हेही आपल्यालाच, ग्लेनिसला वाटलं. मग तिने स्वतःला दटावलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"आणि शेवटी आमच्या ग्लेनिसची कादंबरी." टाळ्या पडल्या. वर्नाने त्या ओसरू दिल्या. "बोलायला उशीर केला, कारण मी ती दोनदा वाचली. मला तो मास्तर फार आवडला. झोपताना एक मोजा काढतो, डाव्या पायातला मात्र तसाच ठेवतो. काय खरा वाटतो गं! नाहीतर पुस्तकांतले पुरुष अंथरुणातसुद्धा इस्त्री केल्यासारखे."

"डाव्याच पायातला का?" म्हाताऱ्या मर्लने विचारलं.

"ते पुस्तकात नाही दिलेलं," वर्ना म्हणाली. "तू विकत घेऊन वाच ना, फुकटे!"

पुन्हा हशा झाला. ग्लेनिसने मनातल्या मनात यादी तपासली. केस बदलले, धंदा बदलला, गाव बदललं, आणि मोजा राहून गेला. ती बदलण्यासारखी गोष्ट आहे हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मागच्या रांगेकडे बघायची तिची छाती झाली नाही. पण वर्ना तर हसत होती. आणि थंडीचा मुलूख आहे, एक मोजा घालून कुणीही झोपत असेल.

चहाच्या वेळी वर्ना काखेत पुस्तक आणि हातात कप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली.

"एक चूक आहे गं त्यात," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांसमोर नाही बोलले. आपला नियम."

"कसली चूक?"

"मोजा निळा लिहिलायस तू. ईवनचे मोजे मी विणते. करडे. लग्न झाल्यापासून करडेच." वर्नाने चहाचा घोट घेतला. "निळे त्याने एकदाच घातले, दुकानातून आणून. आई शेवटच्या दुखण्यात होती आणि मी सबंध हिवाळा इन्व्हरकार्गिलला तिच्या उशाशी बसून होते, तेव्हा. परत आले आणि मीच ते फेकून दिले. टाचेला विरले होते."

ग्लेनिस तिच्याकडे वळली. "वर्ना, अगं, मी..."

"आवडलं मला पुस्तक. खोटं नाही सांगत." वर्नाने पहिलं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं. "सही कर. दोघांची नावं घाल. वर्ना आणि ईवन."

पलीकडे कुणीतरी ईवनला आणखी एक चीज रोल घ्यायचा आग्रह करत होतं. ग्लेनिसने दोन्ही नावं कशीबशी लिहिली. सही केली. सवयीने ती खाली तारीख घालायला गेली, तेव्हा वर्नाने तिचं मनगट धरलं.

"आजची नको," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यातली घाल. तुला आठवेल ती."